खडूचं जहाज

सर, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. मी आता बहारीनमध्ये असतो. माहूजला घर, हिद्दच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी, हाताखाली साठ माणसं. उत्तर येत नसतानाही सगळ्यांत आधी हात वर करणारा तुमच्या वर्गातला तो शहाणा, म्हणजे मी.

आठवीच्या पुस्तकात एकच ओळ होती: इंग्लंडमधले गुन्हेगार आणि बंडखोर यांना शिक्षा म्हणून अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवत. दुसऱ्या कुणी तिच्याखाली रेघ मारायला सांगून धडा संपवला असता. तुम्ही बाकं भिंतीला लावायला सांगता, फरशीवर खडूने जहाज आखता आणि आम्हां चाळीस जणांना त्यात कोंबता. गुडघे छातीशी, कुणाचं तरी कोपर माझ्या बरगडीत, आणि पाय रेघेबाहेर जाऊ द्यायचा नाही. तुम्ही खुर्चीवर बसून शांतपणे सांगत असता. कुणी रुमाल चोरलेला, कुणी राजाविरुद्ध उठलेला. कुणाला सात वर्षं, कुणाला चौदा. तिकडे उतरल्यावर मळेवाले विकत घेणार आणि मुदतीआधी परत आला तर फाशी. मी पडलो हुशार. म्हणालो, "सर, चोरच ना ते? बरी खोड मोडली." तुम्ही मला उठवून तुमच्या खुर्चीवर बसवलंत आणि माझ्या शेजारच्याला समोर उभं केलंत. "हा रुमालचोर. याला सात वर्षं सांग. पण याच्याकडे बघून सांग." मी खिडकीकडे बघून सांगितलं. वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. "शिक्षा देणाऱ्याला तेवढं तरी जमलं पाहिजे रे," म्हणालात. तेव्हा मला तुमचा भयंकर राग आला होता.

गेल्या आठवड्यात आमच्या एका वेल्डरच्या डब्याच्या पिशवीत, गेटवर, तांब्याच्या केबलचा हातभर तुकडा सापडला. रत्नागिरीकडचा माणूस, अकरा वर्षं इथे आहे. तुम्ही सांगितलेल्या लोकांना घरापासून तोडत. इथे उलटं, घरी पाठवणं हीच शिक्षा. व्हिसा रद्द, खलास. शिफारस मी करायची, वर न वाचताच मंजूर होते. तो केबिनमध्ये आला, खुर्ची दाखवली तरी बसला नाही. "साहेब, चूक झाली, मी नाय म्हणत नाही. फक्त ईद होऊ द्या, मग पाठवा. आत्ता उतरलो तर गावात विचारतील, लीव्ह नसताना कसा आला?" मी म्हणालो, "बघतो. इंशाल्ला." इतकी वर्षं इथे काढल्यावर नाही म्हणायचं नसलं की काय म्हणायचं, ते मला चांगलं येतं. तो "मेहरबानी, साहेब" म्हणून गेला.

ताकीद देऊन भागलं असतं, सर. माणूस कामाचा आहे, आणि मला आवडतोही. पण माझा व्हिसाही दुसऱ्या कुणाच्या तरी सहीवर चालतो, चोराला पाठीशी घातलं असं वर कळलं तर? मी घाबरलो, हे सरळ सांगतो.

हे पत्र कुठे पाठवणार? ड्रॉवरमध्येच राहील. शिफारशीवर सही मी सकाळी केली. उद्या दुपारचं त्याचं विमान आहे, ईद चार दिवसांवर असताना. त्याला सांगायला मी क्लार्कला पाठवलं होतं. तो मघाशी सांगून परत आला. वेल्डर काय म्हणाला, ते मी विचारलं नाही.