बेगिमायची ताई

बिश्केक,
४ जून १९९६

ती. आईंना झिपाराचा वाकून सलाम, वि. वि.

तुमच्या सामातची तार मिळाली असेलच. तारेत काय मावणार, म्हणून दूधगाडीच्या तुराटबरोबर हे पत्र वर कुरणावर पाठवते आहे. आधी हे सांगते की बेगिमायच्या जिवाला धोका नाही. उजवा हात कोपराच्या वर मोडला. ऑपरेशन झालं, आता प्लास्टर आहे. काल वाटीभर मटणाचा रस्सा प्यायली आणि याला आईच्या हातची चव नाही, असं मला तोंडावर सांगितलं.

पहिलं नातवंड म्हणून तुमच्या ओटीत घातलेली पोर तुम्ही विश्वासाने थोडे दिवस आमच्याकडे पाठवलीत, आणि आम्ही हे करून बसलो. एक जूनला, बालदिनाला, तिघं बागेत गेलो होतो. तिथे गोल फिरणारे लाकडी घोडे आहेत. तिकिटवाल्या बाईंनी पट्टा बांधायला सांगितलं तर सामात हसला. ही नारीनच्या डोंगरातली पोर, चालायच्या आधी घोड्यावर बसली, लाकडाच्या घोड्यावर हिला कसला पट्टा, असं म्हणाला. मीही हसले. चक्र पुरतं थांबलं नव्हतं तोच तिने उडी मारली, कुरणावर धावत्या घोड्यावरून मारते तशी. खालची फळी फिरत होती. पाय सरकला आणि ती हातावर आपटली.

गर्दीतला एकजण हात ओढून बसवून देतो म्हणाला. मी त्याला शिवू दिलं नाही. डोक्याचा रुमाल सोडला, हात होता तसाच छातीशी बांधला आणि टॅक्सी करून दवाखाना गाठला. पोर रडली नाही, दात आवळून बसली. सगळा हट्टीपणा तुमचाच.

मी ताई म्हणून जे जमतं ते करते आहे. रागावू नका असं म्हणायला मला तोंड नाही. रागवा, पण जेवण टाकू नका. आमच्यावरची माया आटू देऊ नये, एवढंच मागणं.

आपली सून,
झिपारा


कुरणावरून,
९ जून

चि. झिपारास कालिपाचे आशीर्वाद.

पत्र पोचलं. खऱ्या घोड्यावरून कधी न पडलेली माझी लेक शहरातल्या लाकडाच्या घोड्यावरून पडली, हे इथे कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटते. सामातला सांग, तो घोड्यावर बसायला शिकला तेव्हा मी त्याला खोगिराला बांधत असे. तेव्हा तो हसत नव्हता, भोकाड पसरत होता.

आता मुद्द्याचं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात एक भोक सापडलं. तार म्हणते की ऑपरेशनला आईची परवानगी हवी, ताबडतोब कळवा. ती माझ्या हातात पडली दुसऱ्या दिवशी दुपारी. मग तोवर पोर तशीच होती का? तुम्ही दोघं तिथे उभे असताना परवानगी माझ्याकडे कशाला मागायची? हे तू गाळलंस. मी म्हातारी झाले आहे, खुळी झालेली नाही.

वीस तारखेला तुराट शहरात येईल. प्लास्टरसकट तिला त्याच्या गाडीत बसवून दे. जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी तू स्वतः तिला माझ्या मांडीवर ठेवलंस. तेव्हापासून मी तिची आई, तू ताई आणि सामात दादा. आपल्या सात पिढ्यांत हे असंच चालत आलं आहे. तिच्या वाटणीची साय मी रोज सवयीने बाजूला काढते आणि रोज कुत्र्याला घालते.

तुमच्यावर राग आहे. मायाही आहे, ती काही कुठे गेलेली नाही.

कालिपा


बिश्केक,
१३ जून

ती. आईंना सलाम, वि. वि.

तुम्ही विचारलंत, आता लपवत नाही.

दवाखान्याच्या खिडकीवर मला विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण? माझ्या तोंडून निघालं, ताई. विचार करून नाही बोलले, आई. सहा वर्षं जीभ तेच म्हणत आली आहे. मग त्यांनी विचारलं, आई कुठे आहे? मी म्हटलं, नारीनला, वर कुरणावर. तर ते म्हणाले, तिच्या परवानगीशिवाय चाकू लावता येणार नाही. सामात तारघराकडे धावला. तो शेजारीच उभा होता, पण मी बाप आहे हे त्यालाही सुचलं नाही. आम्ही दोघं तुमची मुलं होऊन तुमच्या उत्तराची वाट बघत बसलो.

बेगिमायची बोटं पांढरी पडली, मग निळसर. मी ती हातात धरली तर बर्फासारखी गार. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले. हाताला रक्त पोचत नाही, हात जाईल म्हणाले. तेव्हा मी म्हटलं, मीच तिची आई आहे, मी तिला जन्म दिला. बेगिमाय डोळे मिटून पडली होती. तिने डोळे उघडले आणि स्पष्ट सांगितलं, "ही खोटं बोलतेय. ही माझी ताई आहे. माझी आई गावाला आहे."

डॉक्टर माझ्यावर भडकले, आजारी लेकराच्या उशाशी नाटकं करता का म्हणाले. उत्तर आलं का ते बघायला पुन्हा तारघरात गेलेला सामात परत आला, त्याच्या ओळखपत्रात तिचं नाव निघालं, तेव्हा कुठे तिला आत नेलं. हात वाचला. पण दोन बोटांना अजून काही जाणवत नाही. आधी बोलला असतात तर कदाचित ही वेळ आली नसती, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आता कित्येक महिने रोज दवाखान्यात व्यायाम आहे. बोटं येतीलच, असं कुणी छातीठोकपणे म्हणत नाही.

हाताचं कारण पुढे करून मी मागत नाही. हात उद्या बरा झाला तरी मागेन. आई, मला माझी मुलगी द्या. तुम्ही नाही म्हणालात तर मी स्वतः तिला वर आणून सोडीन, रीत मोडणार नाही. पण पुन्हा कुणी विचारलं तर मला ताई म्हणता येणार नाही.

लहान तोंडी मोठा घास घेतला आहे. तरी माया तोडू नका.

झिपारा


कुरणावरून,
१९ जून

चि. झिपारास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी घोडीची धार काढायचं सोडून ओढ्यापलीकडे जाऊन बसले. आधी तुझा राग आला. लेकराची बोटं निळी पडतात आणि बाईला आपण कोण ते सांगता येत नाही! मग वाटलं, तू सांगितलंस तेच, जे मी तुझ्याकडून सहा वर्षं म्हणवून घेतलं. ती बोटं तुझ्या एकटीच्या माथी मारून मला झोप येईना.

तुराटबरोबर गाठोडं पाठवते आहे. त्यात बेगिमायचे कपडे आहेत, थंडीचे सुद्धा. तो गाडी घेऊन रिकामाच परत येईल. इथल्या बायका म्हणतील, कालिपाच्या तंबूतली लेक सुनेने ओढून नेली. म्हणू देत. गाठोडं बांधताना मी रडले, ते तुझ्यापासून कशाला लपवू?

डब्यात मेंढीची चरबी आहे. डॉक्टर हो म्हणाले तरच चोळ, बोटांकडून वर, जोर न करता. रात्री ती पाठीवर थोपटल्याशिवाय झोपत नाही. तुझ्याशी भांडेल, मला हाका मारेल, तुला ताईच म्हणत राहील. मनाला लावून घेऊ नकोस आणि तिला घाईही करू नकोस.

एक काम मात्र तुझ्यावर टाकते. बर्फ पडायच्या आत मी खाली येईन. ती धावत येऊन मला आई म्हणेल, आणि तिला थांबवणं माझ्याच्याने होणार नाही. त्याच्या आधी तिला आजी म्हणायला शिकवून ठेव.

तुझ्या लेकीला माझा पापा दे.

कालिपा