तिसरी पिन

९ जून
अतुल करमाडहून कॉम्प्युटर घेऊन आला, बसवून गेला. बोर्डाला दोनच भोकं, म्हणून एक्स्टेन्शनची जाड तिसरी पिन भाऊरायानं पक्कडीनं तोडून टाकली. म्हणाला, ताई, दोन पिनांवर सगळं चालतं. चालतंच की! आमचा कूलरपण चालायचा. मे महिन्यात हे ओल्या हातानं तो सरकवायला गेले, तोवर.
अतुलच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. पण बोलायचा कंटाळा येतो.

१० जून
काम सुरू. चिकलठाण्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याची बिलं घरून कॉम्प्युटरवर भरायची. जमलं तर इथं सासरी राहायचं, नाही तर अतुल माहेरी न्यायला टपलेलाच आहे. मला दोन्ही सारखंच.

११ जून
कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला. झिणझिण्या आल्या, पार कोपरापर्यंत. पायात चप्पल नव्हती. हात काढून घेतला. मग परत लावला.

१३ जून
रोज लावते. खोटं कशाला लिहू — बरं वाटतं. तेराव्याला सगळे रडले, मी भात वाढत होते. चहात साखर आहे की नाही तेसुद्धा हल्ली कळत नाही. हे तेवढं कळतं.

१४ जून
सकाळी बघते तर प्लग काढलेला. आत्यांना — सासूबाईंना — विचारलं. लाईट काय फुकटची हाय का, म्हणाल्या. हल्ली त्या बकऱ्या चारायलापण जात नाहीत. बकऱ्या दावणीला ओरडतात आणि ह्या दारात गहू निवडत बसतात. निवडलेलेच परत निवडतात!

१६ जून
परत काढला.
लेक गेला, आता सून कशाला सांभाळायची — असंच असणार. सरळ सांगावं ना, करमाडला जा म्हणून. राग यायला पाहिजे होता. आला नाही.

१९ जून
भर कामात स्क्रीन काळी. अर्धी बिलं गेली! मागं वळले तर आत्या, हातात प्लग. म्हटलं, आत्या, माझं काम जाईल. त्यांनी वायर गुंडाळून काखेत मारली आणि अनवाणीच कोपऱ्यावरच्या वायरमनकडं गेल्या. मोतीरामकडं.

२० जून
मोतीराम आला. घराला अर्थिंगच नाही, तिसरी पिन त्याचीच असते, म्हणाला. भिंतीलगत खड्डा खणला, पट्टी उभी केली, वायर ओढली, तीन भोकांचा बोर्ड बसवला, एक्स्टेन्शनला तीन पिनांचा नवा प्लग लावला. खड्ड्यात टाकायला कोळसा आणि मीठ मागितलं.
आत्यांनी मिठाची पिशवी आणली. आणि काय करावं — मला खड्ड्यापाशी उभं केलं, मूठभर मीठ तोंडावरून उतरवलं. आल्यागेल्याची, घरच्या-दारच्याची, सगळ्यांची दृष्ट काढली! मोतीरामला हसू आवरेना. मावशी, ते चुलीत टाकतात, म्हणाला. आत्यांनी खड्ड्यातच टाकलं. करंट जातो तिथंच नजर बी जाऊ दे, म्हणाल्या.
मी नुसती उभी. सकाळपासून एकही बिल भरलं नाही.

२१ जून
सकाळी बटण दाबलं. डब्याकडं हात नेला तर आत्यांनी मनगट धरलं. आधी स्वतःचा हात पत्र्यावर ठेवला. अनवाणी. बराच वेळ तसाच ठेवला.
"रोज हात लावून बसायचीस. दारातून बघत व्हते मी," म्हणाल्या. "माझा रामहरी कूलरला चिकटला तवा मी बकऱ्यांमागं व्हते, पोरी. आता मी घरात हाय."
मग मनगट सोडलं. मी हात लावला. गार पत्रा, बाकी काही नाही. आणि मला रडू फुटलं.