हरणांच्या सोमवारी पेपर

ती. आयोनाअक्का हिला,
धाकट्या झेल्फाचा, हात जरा लांबच ठेवून, नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे, पित्ताचे खडे काढलेस की अजून मिरवते आहेस, आणि तो तुझा भुंकरा कुत्रा टिकून आहे का, हे कळव. आम्ही इकडे डोंगरात ठीक. मला अक्षर येत नाही हे तू चारचौघांत सांगत असतेसच, म्हणून नात ट्रेसा गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे. (ती मधली वाक्यं गाळते असा मला संशय आहे. गाळू नकोस गं.) आईच्या मयतीच्या जेवणात तू माझ्या कोंबडीच्या डंपलिंगला, त्या रश्शात शिजवलेल्या कणकेच्या गोळ्यांना, भिंतीचा कागद चिकटवायची खळ म्हणालीस, तेव्हापासून आपण बोललो नाही. तो विषय मी काढणार नाही. सहज खुशाली कळवावी, एवढ्यासाठीच हे पत्र.

ट्रेसाला जानेवारीत नर्सिंगला जागा मिळाली आहे, पण नाताळच्या आत गणित सुटलं पाहिजे, नाहीतर जागा दुसरीला. वर्गात बसायला हिला वेळ नाही, दिवसभर म्हाताऱ्यांच्या आश्रमात चादरी बदलते. तर म्हणे एक परीक्षा असते, ती बाहेरून द्यायची. पास झालं की तो विषय शिकलीस असं कॉलेज धरून चालतं. मला हे फार पटलं. मी वाढवलेल्या पोरांचं असं कुणी काही धरलं असतं, तर आज मी डॉक्टर असते. गणित पोरीला येतं. ते येतं हे दाखवायला बसायची खुर्ची मात्र कुठे मिळत नाही.

खिंडीपलीकडच्या कॉलेजात फोन केला. बाई म्हणाली, आम्ही फक्त आमच्याच मुलांची परीक्षा घेतो. मी फोन ओढून घेतला आणि म्हटलं, "अहो, ही तुमचीच. हिचा आजा तुमच्या छपरावरून पडलाय." (खरंच पडला होता, पत्रे ठोकताना. फुलंसुद्धा पाठवली नाहीत मेल्यांनी.) तरी नाही.

मग दोन डोंगर ओलांडून एका कॉलेजात सोमवार सापडला. आधीचे नंतरचे सगळे दिवस भरलेले आणि हा एकटा मोकळा, हवी ती वेळ घ्या. मी म्हटलं, देवाला दया आली. त्या पहाटे मी आमच्या डेलमरला, म्हणजे ट्रेसाच्या बापाला, बिस्किटं आणि सॉसेज बांधून दिलं, त्याची नारिंगी टोपी शोधून दिली, तो बंदूक घेऊन डोंगरात गेला, आणि मग मी ट्रेसाच्या गाडीत बसून परीक्षेला निघाले. वाटेत रानाच्या कडेला गाड्यांची रांग. तरी माझ्या डोक्यात उजेड नाही. कॉलेजला कुलूप. आवारात एक पहारेकरी होता, तो म्हणाला, "मॅडम हरणामागे गेल्यात. तुम्ही इकडच्याच ना?" त्याने जसं पाहिलं ना अक्का, तसं तूसुद्धा मला कधी पाहिलं नाहीस. हरणांच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला सोमवार. शाळा बंद, खाण निम्मी बंद, पाद्रीबाबा मचाणावर, आणि आम्ही दोघी बीजगणित घेऊन दारात. (डेलमरला मोठ्या शिंगांचा नर मिळाला. त्या दिवशी घरात पास झालेला तो एकटाच.)

शेवटी घरूनच द्यायची ठरली. संगणकाच्या डोळ्यातून कुणी लांबचा पोरगा पहारा करतो, खोलीत दुसरं माणूस चालत नाही. मी बाहेर बसले. पण त्याचं आपलं टेबलाखाली दाखवा, भिंती दाखवा, कान दाखवा. पहिला प्रश्न उघडायच्या आधीच जेवणवेळ झाली. मी नुसता मक्याचा पाव घेऊन आत गेले आणि त्याला विचारलं, "जेवलास का रे बाळा?" तो "नाही आजी" म्हणाला आणि त्याने परीक्षा रद्द केली. पुढची तारीख नाताळनंतरची.

"त्याला विचारायचंस कशाला?" ट्रेसा रडत म्हणाली.

"अगं, घरात डोकावलेल्या माणसाला जेवलास का विचारू नये?"

त्यानंतर ती माझ्याशी फक्त मीठ मागण्यापुरती बोलते. मी तिच्यापाशी उघडपणे चूक कबूल केलेली नाही, तूही सांगू नकोस.

बाकी सर्व क्षेम. तुझ्याकडून आम्हाला काहीही नको. लोभ केलास तर हरकत नाही.

तुझी,
झेल्फा

ता. क. तुझ्या त्या डेटन शहरात, तुझ्या गल्लीच्या टोकाला जे कॉलेज आहे, तिथे शुक्रवारी सकाळी परीक्षेची एक खुर्ची मोकळी आहे. सहज सांगितलं.

ता. क. दुसरा. पोरगी घोरत नाही. मी घोरते. खळ ताजी केली आहे, पातेलं माझ्या मांडीवर आहे आणि ते अजून गरम आहे.

ता. क. तिसरा. उद्याच शुक्रवार, तेव्हा टपालाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नव्हता. ट्रेसा हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून आत सारून गाडीत परत येईल. कुत्रा जिवंत आहे, ते भुंकण्यावरून इथे गाडीत कळलं. खिडकीचा पडदा दोनदा हललेला मी पाहिला आहे. व्हरांड्यातला दिवा लाव. नाही लावलास तर मी हॉर्न वाजवीन, आणि गाडीतून उतरताना मोठ्याने सगळ्या गल्लीला विचारीन, तुम्ही जेवलात का.