रंगपंचमीला उकरलेली शिंगं

प्रिय बाबा,

तुमची शिंगं मी काल उकरली. एक महिना आधी! आणि वर दोष तुमच्याच माथी मारला. आईला हे सांगायची हिंमत अजून होत नाही, म्हणून आधी तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही आता रागावू शकत नाही, एवढा एक फायदा. लाज मात्र तेवढीच वाटते.

दवाखान्यात तुम्ही काय सांगितलं होतं? "शिंगं चैत्र वद्य पंचमीले काढजो. त्याच्या आधी हात नको लावू." मी म्हटलं, "हाँ बाबा, पक्का." तुम्ही जन्मभर माझ्याशी मराठीत बोललात, मी जन्मभर हिंदीत उत्तरं दिली. आणि तिथी पाहिली तीही मोबाईलच्या हिंदी पंचांगात. चैत्र कृष्ण पंचमी, म्हणजे काल.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तसे भनपुरीच्या पुढचे लोक शेतात प्लॉट पाडायला लागले, आणि तुम्ही रेल्वेतून रिटायर होऊन तिथेच द्राक्षाचे वेल लावलेत! वाइन करायची, तीही चंद्र पाहून. खत विकतचं नाही, यीस्टही विकतचं नाही. "सालीवर जे हाये तेच पुरते," म्हणायचे. मेलेल्या गायींच्या शिंगांत शेण भरून आश्विनात पुरायचं, चैत्रात काढायचं, आणि आतली काळी भुकटी पाण्यात घुसळून वेलींच्या मुळाशी शिंपडायची. मी मैत्रिणींना सांगायची, बाबांचं ऑर्गॅनिक फार्मिंग आहे. शिंगांचं नाव काढायला लाज वाटायची. लाज कशाची वाटावी हेही मला कळत नव्हतं!

ही तुमची शेवटची शिंगं. आईनं शेण भरलं, तुम्ही खड्ड्यात एकेक शिंग मांडलं, आणि पौषात तुम्ही गेलात. तुमच्या हातचं एवढंच जमिनीत उरलं होतं.

काल आईला घेऊन तिकडे गेले. यंदा घरात सण नाही, म्हणून तिनंही तिथी विचारली नाही. कुदळीनं माती सारली, शिंगं काढून दगडावर आपटली. काळी, मऊ, मातीच्या वासाची भुकटी पडायला हवी होती ना? पडला ओला हिरवट गोळा. वासही शेणाचाच. निम्मी शिंगं रिकामी केली तरी तेच. मग मी चिडून म्हणाले, "आई, लास्ट में बाबा का दिमाग ही ठिकाने पर नहीं था. कुछ भी बोल रहे थे."

आई पदराला हात पुसत वेलींकडे पाहत राहिली.

दुपारी घरी येऊन ती जरा लवंडली होती, तेव्हा ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या काकू आल्या, हातात गुलालाची पुडी घेऊन. तुमची वाइन 'द्राक्षासव' म्हणून चमच्यानं घेणाऱ्या त्याच! मी त्यांच्यापुढे रडगाणं गायले, तर डोळे मोठे करून म्हणाल्या, "काहून वं, चैत्र कुठून आला? आज तर रंगपंचमी हाये. आपला फागुन अजून सरला नाही!"

रंगपंचमी फाल्गुनात येते, हे मला सुचू नये? इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेनंतर बदलतो, आपला अमावास्येनंतर. त्यांचा चैत्र लागला होता, आपला नाही. दरवर्षी तुम्ही नागपूरहून मराठी कॅलेंडर आणवायचे. यंदा ते कुणी आणलंच नाही. तुमचं डोकं अगदी ठिकाणावर होतं, बाबा.

आईला मी उठवलं नाही. संध्याकाळी एकटीच जाऊन उरलेली शिंगं परत पुरून आले, चोरासारखी.

आज सकाळी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "पोरी, एक सांग. त्याईनं दवाखान्यात मले म्हटलं होतं, 'तुझ्यावाचून माझं काहीच झालं नसतं.' इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं वं. तेबी भ्रमातच म्हटलं का?"

बाबा! मी तिथेच बोलायला हवं होतं. पण कुकरची शिट्टी झाली, तेच निमित्त करून मी उठले. किती भित्री पोरगी वाढवलीत!

आणि तुम्ही तरी तिला हे आधी का नाही हो म्हणालात? वेलीला पाणी घालतानाही चंद्र पाहणारे तुम्ही, बायकोशी गोड बोलायला तुम्हाला शेवटचा आठवडाच बरा सापडला! पण म्हणालात. तिनं ते जपून ठेवलं होतं, आणि मी एका वाक्यात पुसून टाकलं.

हे पत्र संपलं की उठते. आई बाहेरच्या खोलीत बसली आहे. तिला सगळं सांगीन, आणि लिहिते तसं मराठीतच सांगीन, बोलताना अडखळले तरी. आपल्या चैत्र वद्य पंचमीला उरलेली शिंगं तिच्या हातून काढू. काळी निघोत की हिरवी, तुमच्यावर ढकलणार नाही. पण तिला तुम्ही जे म्हणालात ते पूर्ण शुद्धीत म्हणालात, हे सांगायला मी पंचमीची वाट पाहणार नाही.

तुमची खजील पोट्टी,
मंजू