पहिल्या रांगेतून

बाई, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. शाळेच्या ग्रुपवर बातमी आली तेव्हा सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली. मी टाकलं नाही. फोन पालथा ठेवला आणि कुकर लावायला गेले. आज लिहितेय तेही हात जोडायला नाही. गेल्या रविवारी इथं सिंगापुरात आयरिश लोकांच्या सणाची परेड झाली. तिच्यात मी पहिल्या रांगेत चालले आणि हे तुम्हाला कळवल्याशिवाय मला चैन पडत नाहीये.

मी तुम्हाला आठवणार नाही, म्हणून सांगते. सातवी ब. एक मेच्या संचलनासाठी तुम्ही लेझीम पथक बसवत होतात आणि पहिल्या रांगेत उजवीकडून दुसरी मी. तुम्हीच निवडलं होतंत. सरावासाठी लेझीम घरीही नेऊ दिली होतीत. आईनं तिच्या दांड्याला खोबरेल चोळलं होतं, साखळी पदरानं पुसली होती. मग चौदा एप्रिल आला. आमच्या वस्तीची मिरवणूक तुमच्या घरावरून जायची. मी निळा फेटा बांधून तीच लेझीम खेळतेय, आणि वर गॅलरीत तुम्ही दिसता. मी मुद्दाम जोर लावते, तुम्ही शिकवलेले चारही ठोके, खाली वाकून, एकही न चुकता. मला वाटतं, बाई खूश होतील. तुम्ही आत गेलात आणि दार लावून घेतलंत. दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्या मुलींसमोर माझ्या हातातून लेझीम काढून घेतलीत आणि तर्जनी वर करून म्हणालात, "तुमच्या वस्तीत नाचता तसं इथं चालत नाही. नीट चालता येत नसेल तर मागं जा." मागं म्हणजे पाण्याच्या टाकीजवळ, जिथं पथकात नसलेल्या मुली बाकीच्यांच्या चपला सांभाळत बसायच्या. एक मेला मी चपला सांभाळल्या. झेंड्याला सलामी द्यायला तुम्ही अनवाणी गेलात, तेव्हा तुमच्याही.

आता मी इथं तुआस भागात औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. आमचा प्लांट मॅनेजर आयरिश. जेवताना सहज म्हणाला, रविवारी नदीकाठी आमची परेड आहे, मुलीला घेऊन ये, आमच्याबरोबर चाल. मी विचारलं, निवड कधी आहे, तालीम कुठं? तो घास हातात धरून बघतच राहिला. तालीम कसली, हिरवं काहीतरी घाल आणि ये, म्हणाला. माझा काही विश्वास बसला नाही. आठवडाभर, कामावर जायच्या आधी, हौगांगला आम्ही राहतो त्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मी कदमताल केली, चाळिशी उलटलेली बाई. सकाळच्या व्यायामाला येणाऱ्या चिनी आजींनी काही न विचारता सरकून मला जागा दिली.

रविवारी एमआरटीनं, इथल्या मेट्रोनं, नदीकाठच्या ‘क्लार्क की’ स्टेशनला उतरलो तेव्हा परेडला दीड तास होता. उशीर केला तर पहिली रांग जाईल, असं मी लेकीला बजावलं होतं. तिथं रांगच नव्हती. हिरव्या टोप्यांखाली घामाघूम झालेली माणसं, गळ्यात हिरव्या रिबिनी बांधलेली कुत्री, बाबागाड्यांतली पोरं, सगळा सुखाचा गोंधळ. सगळ्यांत पुढच्या, आमच्या कारखान्याच्या बॅनरचा एक बांबू धरणारा माणूस आलाच नाही, म्हणून मॅनेजरनं तो माझ्या हातात दिला. तू कोण, कुठल्या वस्तीतली, कुणी विचारलं नाही. बॅगपाइप सुरू झाले आणि बाई, तिथून पुढं मी फक्त तुमच्याशी बोलत होते. बघा म्हणत होते. नदीकाठच्या प्रत्येक इमारतीला मी तुमची गॅलरी लावली, तुम्हाला भर उन्हात तिथं उभं केलं आणि दार लावू दिलं नाही. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

माझे पाय चार ठोक्यांवर पडत होते. दुसरा बांबू धरलेला मॅनेजर मात्र गप्पा मारत रमतगमत चालला होता. बॅनर तिरका होत होता आणि माझं डोकं तापत होतं. तेवढ्यात माझी लेक आमच्या पुढं आली आणि माझ्याकडे तोंड करून उड्या मारत उलटी चालायला लागली. बारा वर्षांची आहे, सातवीत मी होते तेवढी. माझा मोकळा हात वर गेला, तर्जनी ताठ. "नीट चालता येत नसेल तर मागं जा." मराठीत, अगदी तुमच्या सुरात.

 ती इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "ओके लाह, बॅक मोअर फन," आणि हसत मागच्या ढोलवाल्यांकडे पळाली. मी वळून पाहिलं तर ती कुणाची तरी मोठी टोपी घालून नाचत होती. जे वाक्य मी तीस वर्षं उराशी बाळगलं, ते तिच्या कानाशीही थांबलं नाही. तुम्ही हरलात, बाई. तुमचं वाक्य निकामी झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं, याहून मोठा सूड मला कुठं मिळणार होता?

पण एक गोष्ट सांगायची राहिली. ती हसत पळाली तेव्हा मला आनंद झाला नाही. मला वाटलं, हिनं थोडं तरी रडायला हवं होतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी वरचं तेवढं वाक्य मी खोडूनच पाठवलं असतं.