क्लिफर्डची पितळी नळी आणि सेकंडचे सेल

रविवार, ७ ऑक्टोबर

सगळ्यात आधी टपकली ती एडनाच. तवा अजून तापायचा होता. ओटकेकचा, म्हणजे आमच्या ओटच्या पिठाच्या धिरड्यांचा, वास तिला तिच्या गल्लीतून येतो की काय कोण जाणे. नणंद आहे, दार उघडावंच लागतं. कोट न काढताच बसली आणि सुरू — समोरच्यांनी नवे पडदे लावले, मागचे काय वाईट होते म्हणे. मी म्हटलं, तू खा आधी.

मग लॉर्ना आली मेझीला घेऊन. मेझी आली की घर कसं भरतं! चार वर्षांची पोर, पण बोलणं एडनाला पुरून उरेल. ग्रँडॅडच्या, म्हणजे आमच्या क्लिफर्डच्या, मांडीवर बसून चीज ओढून ओढून खाल्लं. लॉर्ना माझी एकुलती एक, मेझी तिची एकुलती एक. महिनाअखेरच्या सुट्टीत मेझी आठवडाभर आमच्याकडे राहणार असं ठरलं होतं. मी लहान खोलीत तिचं अंथरूणही घातलंय.

आणि मग ते झालं. 

मेझी मांडीवरून उतरली, नॅन दूध दे म्हणत माझ्याकडे आली. क्लिफर्ड उठला, शेडच्या किल्ल्या खिशात टाकल्या. आणि त्याचा खिसा फुसफुसायला लागला. किटली उकळावी तसा. त्यानं खाली पाहिलं, स्वेटर ओरबाडून काढला — बाह्याही उलट्या झाल्या — आणि मागच्या दारातून फरशीवर भिरकावला. तिथं त्यातून जाळ निघाला. हातभर! नंतर कितीतरी वेळ नुसता घाण वास.

खिशात व्हेपचा, त्या विजेवरच्या वाफेच्या सिगरेटीचा, जादा सेल होता. तोच.

लॉर्ना पांढरीफटक. मेझीचा कोट तिनं उलटाच चढवला. दारात म्हणाली, "बाबा, ती एवढा वेळ तुझ्या मांडीवर होती. त्याच खिशाला टेकून."

क्लिफर्ड म्हणाला, "अगं, मला काय ठाऊक —"

"हे डबडं या घरात असेपर्यंत मेझी इथं राहायला येणार नाही."

गेल्या. ताटात अर्धा ओटकेक तसाच. एडनानं तो खाल्ला.

सोमवार, ८ ऑक्टोबर

क्लिफर्डच्या मांडीला पावलाएवढा लाल डाग. मलम लावलं. डॉक्टरकडे जात नाही म्हणतो. डॉक्टर छातीचंच विचारेल म्हणून.

तर हे सगळं कुठून आलं ते लिहून ठेवते. क्लिफर्ड चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात भट्टी लावायचा. जन्मभर सिगरेट. गेल्या हिवाळ्यात जिना चढताना मधेच बसला. डॉक्टर म्हणाला, सोडा नाहीतर पुढचा हिवाळा विसरा. मग व्हेप आला, पेनाएवढा. त्यावर त्याचं निभलं. पण उन्हाळ्यात ते पेन पुरेना — मळ्यावर गेला की दुपारीच संपायचं. मग क्लबातल्या कुणाकडून ही व्हेपची पितळी नळी आणली. जाड, जड, जुन्या नळाच्या तोटीसारखी. दर रविवारी ब्रासोनं पुसतो. माझ्याकडं कधी इतक्या प्रेमानं बघितलं नाही.

आज तो झोपला होता तेव्हा मी उरलेले दोन सेल घेऊन खिडकीत बसले. बोटाएवढे, जांभळे, गुळगुळीत. उलटे करून खाली बघितलं. आता इथं कुणीही तेच करेल. या गावात बशी हातात आली की आधी उलटी करतात, कुठल्या कारखान्याचा शिक्का आहे ते बघायला. लॉर्नाच्या लग्नात तर अर्ध्या पाहुण्यांनी केकच्या बश्या उलट्या केल्या होत्या, केकसकट एकीनं. असो. सेलाच्या खाली काही नव्हतं. सगळा मजकूर अंगावर. आत किती वीज मावते त्याचे मोठमोठे आकडे.

दोन्हींचं जाकीट, म्हणजे अंगावरचं प्लास्टिकचं साल, वरच्या कडेला फाटलेलं. नखाएवढं.

विचारलं, "हे असेच आणलेस?"

"सेकंडचे आहेत," तो म्हणाला. "बाजारातल्या गाड्यावर. जाकिटाला जरा ओरखडा म्हणून स्वस्त. माल तोच."

मी मान डोलावली.  आमच्या घरात सगळं सेकंडचंच. भट्टीतून निघालं, किंचित डाग राहिला, की कामगारांना स्वस्तात मिळायचं. लग्नाचा सेट सेकंडचा. फुलदाणी सेकंडची. कपाच्या कानाला डाग आहे म्हणून चहा काही गळत नाही.

बुधवार, १० ऑक्टोबर

नळी शेडमध्ये, पत्र्याच्या डब्यात. क्लिफर्डनं आज एडनाकडची सिगरेट ओढली. वास आला. मी खिडकी उघडली. 

गुरुवार, ११ ऑक्टोबर

आज आणखी एक सिगरेट. मग मी कोट घातला. क्लिफर्डला म्हटलं, चल, मला हे कळायलाच हवं. खिशात आग ठेवायची किंवा छातीत, एवढेच दोन रस्ते कसे असतील?

टेकडीच्या खाली व्हेपचं दुकान आहे. मी आत कधी गेले नव्हते. मला वाटलं आत अंधार असेल आणि तरुण पोरं. तर काय, मिठाईच्या दुकानासारखं. रंगीत बाटल्या, कस्टर्डचा वास. आणि काउंटरमागे दुकानवाली गेनोर — दंडावर गुलाबाचं गोंदण, माझ्याच उंचीची, आवाज मात्र भोंग्यासारखा.

"ये राजा, बस," ती क्लिफर्डला म्हणाली. बहात्तर वर्षांचा राजा जाऊन स्टुलावर बसला.

मी सगळं सांगितलं. सेल प्लास्टिकच्या डबीत घालून नेले होते, एक-एक वेगळा, फडक्यात गुंडाळून. गेनोरनं ते बघितलं आणि मला म्हणाली, "तुला कुणी सांगितलं असं आणायला?" मी म्हटलं, जाळ बघितला, त्यानंच सांगितलं.

मग मी विचारत सुटले. टॉर्चचा सेल पण खिशात असतो, तो का नाही जळत? ती म्हणाली, किल्लीनं दोन्ही टोकं जोडली तर तोही तापतो, पण त्याच्यात जोर बेताचा. हा सेल जे काही पोटात आहे ते एका झटक्यात बाहेर ओततो.

"पण किल्ली दोन टोकांना कशी लागेल? एक टोक वर, एक खाली."

"इथंच सगळे फसतात," म्हणाली. एक सेल उचलला. "हे वरचं बोंड एक टोक. आणि हे बाकीचं सगळं अंग, खालपासून पार या कडेपर्यंत — दुसरं टोक. मधे फक्त हे जाकीट."

मी चष्मा पुसून बघितलं. फाटलं होतं ते बरोब्बर तिथंच, बोंडाच्या शेजारी. म्हणजे दोन टोकं एकमेकांना खेटून, आणि मधलं लुगडं फाटलेलं! अंगावर काटा आला. पण काय गंमत आहे बघा, एवढ्याशा वस्तूची.

क्लिफर्ड फुरंगटला. "ओरखडा आहे नुसता. आमच्या घरात एकही फर्स्ट नाही, बायकोसकट."

मी म्हटलं, "आणि नवरा तर भट्टीतच तडकलेला."

गेनोर हसली, पण सेल खाली ठेवला नाही. मीटर लावून बघितलं, मग म्हणाली, हे घरी कधी करायचं नाही. आणि एका प्लास्टिकच्या पात्यानं ते जांभळं जाकीट सोलून काढलं.

आत दुसरं जाकीट!

मळकं, गुलाबी, झिजलेलं. कुठल्यातरी जुन्या लॅपटॉपच्या पोटातून काढलेला सेल, वर नवा अंगरखा चढवून विकलेला. वर छापलेला आकडा? गेनोर म्हणाली, एवढ्याशा सेलात तेवढी वीज मावतच नाही, कुणीही बनवू दे.

क्लिफर्ड कितीतरी वेळ त्या सालीकडं बघत बसला. आमच्याकडं शिक्का झिलईच्या खाली असतो. एकदा भाजला की भाजला, कुणाच्या बापाला बदलता येत नाही. सेकंड असलं तरी सेकंड म्हणूनच विकतात, लपवत नाहीत. त्याला राग कशाचा आला ते मला कळलं. जाळाचा नाही. शिक्का खोटा होता याचा.

"मग नळी तरी चांगली आहे की नाही?" त्यानं विचारलं. आवाज लहान झाला होता.

"देखणी आहे. पण राजा, हिला अक्कल नाही. बटण दाबलं की सेल सरळ जोडला जातो. तापलं तर बंद करणारं आत कुणी नाही. त्यात तुझी वरची तापणारी तार मागते बैलाचं बळ, आणि हा सेल देणार शेळीचं."

दोन्ही सेल तिच्याकडंच ठेवून घेतले. असले सेल कचऱ्याच्या डब्यात टाकायचे नाहीत, वेगळे द्यायचे असतात. हेही नवीनच कळलं.

आज तिसरी नाही ओढली त्यानं. जुनं पेन शोधून काढलं.

शनिवार, १३ ऑक्टोबर

पेन दुपारीच संपलं. मळ्यावरून आला तेव्हा बोटांना वास. माझ्याकडं न बघताच बूट काढले. म्हणाला, "मी कच्चा निघालो गं."

मी म्हटलं, कच्चं परत भट्टीत जातं. सोमवारी परत गेनोरकडं.

सोमवार, १५ ऑक्टोबर

घेतला नवा व्हेप! यावेळी मी निवडला, म्हणजे गेनोरनं मांडले आणि मी प्रश्न विचारले. एक होता सेल आतच बंद असलेला — तारेनं चार्ज करायचा, सेलाला हातच लावायचा नाही. मला तो पसंत. पण मळ्यावर संपला तर परत तेच. मग दुसरा, दोन सेलांचा चौकोनी डबा. आत अक्कल असलेला. सेल उलटे घातले तर चालत नाही, जास्त तापला तर आपणच बंद पडतो, छोट्या काचेवर लिहूनही दाखवतो. खाली बारीक भोकं आहेत, काही झालंच तर कोंडायला नको म्हणून. मी चार वेळा उघडून मिटला. गेनोर म्हणाली, तू घेते आहेस की तो?

सेल तिच्याकडचेच, जिथून येतात ते तिला ठाऊक आहे. आणि जोडीनं घ्यायचे. जोडीनं वापरायचे, जोडीनं चार्ज करायचे. एक नवा एक जुना चालत नाही, एकाची दमछाक झाली की दुसरा त्याच्यावर ओझं टाकतो. मी क्लिफर्डकडं बघितलं. तो म्हणाला, "कळलं, कळलं."

जादा जोडीला प्लास्टिकची डबी. चार्जर वेगळा. पलंगावर, सोफ्यावर चार्ज करायचं नाही. ओट्यावर, आणि आपण जागे असताना.

पितळी नळी त्यानं फुलदाणीशेजारी ठेवली. रिकामी. दिसते छान.

बुधवार, १७ ऑक्टोबर

सेल चार्ज होताना मी समोर चहा घेऊन बसते. हिरवा दिवा लागेपर्यंत. टीव्हीपेक्षा बरं.

लॉर्नाला फोन केला. मेझी झोपली आहे म्हणाली. मी सगळं सांगत होते — जाकीट, बोंड, लॅपटॉप — ती नुसतं हं हं. मग म्हणाली, आई, मला त्या खिशाचीच स्वप्नं पडतात.  मलाही पडतात.

मेझीच्या अंथरुणावर घातलेली चादर काढली. मग परत घातली.

शनिवार, २० ऑक्टोबर

लॉर्ना आली. एकटीच. म्हणाली, दाखवा.

क्लिफर्डनं सगळं ओट्यावर मांडलं, कारखान्यात साहेब यायचे तेव्हा मांडायचा तसं. सेल फिरवून दाखवले, कुठंही ओरखडा नाही. डबी दाखवली. म्हणाला, "व्हेप मागच्या अंगणात ओढणार, मेझी इथं असताना सेलांची डबी वरच्या फळीवर. किल्ल्या दाराच्या खिळ्याला. खिशात फक्त रुमाल." खिसे उलटे करून दाखवले. खरंच रुमाल होता, आणि अर्धी पुदिन्याची गोळी.

"आणि सिगरेट?"

"शनिवारी एक. गेल्या शनिवारी. त्यानंतर नाही."

तो खोटं बोलला असता तर मला कळलं असतं. तिलाही. लॉर्नानं एक सेल उचलला, उजेडात धरून वरची कड कितीतरी वेळ बघितली. जाकीट फाटलं तर लगेच कळतं का, वापरत राहिलं तर किती दिवस काही होत नाही, असं काय काय विचारलं. क्लिफर्ड म्हणाला, "एकही दिवस वापरायचं नाही. माझे महिनाभर चालले, आणि मग एका रविवारी नाही चालले."

लॉर्नानं सेल डबीत परत ठेवला. बापाचा लाल डाग बघितला. जाताना त्याच्या गालाला गाल लावला. "बघते," एवढंच म्हणाली.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

लॉर्नाचा फोन. मेझीला सोमवारी सोडते, आठवडाभर ठेवा म्हणाली. मी क्लिफर्डला हाका मारायला वळले, तर म्हणाली, थांब आई, त्याला नको बोलावू अजून.  मग हळूच — माझ्याकडं पण आहे एक व्हेप. मेझी झाल्यापासून. पर्समध्ये असतो, आणि पर्स गाडीत मेझीच्या शेजारी. त्या रविवारी घरी जाऊन उघडून बघितला, सेलाच्या जाकिटाची वरची कड फाटलेली. तेव्हापासून अंगणात कुंडीत ठेवलाय, हात लावायची हिंमत नाही. तू येशील माझ्याबरोबर गेनोरकडं?

शुक्रवारी येते म्हणाली. मेझी सोमवारी.