दोन्ही हात वर

प्रिय संतोष,

लासलगावला जाऊन तू ट्रॅक्टरवाला झालास आणि आम्हाला विसरलास, असं मी इथे सगळ्यांना सांगत फिरतो. खरं म्हणजे फोन मीही केला नाही. वडिलांच्या आजारपणासाठी तू गेलास, तेव्हा ‘लवकर परत ये’ एवढं म्हणायचं राहिलं, ते राहूनच गेलं. आता फोनवर जीभ रेटत नाही, म्हणून कागद घेतला.

सातपूरच्या आपल्या दुरुस्तीच्या गाळ्यात मागच्या आठवड्यात खडी क्रशरवरचं खडी भरायचं मशीन, एक म्हातारा लोडर, आला. सकाळी स्टीअरिंग लोण्यासारखं, पण तेल तापलं की इतकं जड, की ड्रायव्हर त्याला अक्षरशः लोंबकळतो. तेल पाहिलं, फिल्टर बदलला, मशीन जिथे मधोमध वळतं त्या सांध्याच्या पिना तपासल्या. सगळं ठीक. मग आपली जुनी रीत. स्टीअरिंग एका अंगाला पूर्ण वळवून दाबून धरायचं, इंजिन बंद करायचं आणि वळवणाऱ्या दोन्ही सिलिंडरना हात लावायचा. ज्याचं सील आतून गळतं, तो जास्त तापतो.

आठवतं ना, तू वर केबिनमध्ये, मी खाली? इंजिन बंद करून तू दोन्ही हात काचेसमोर वर केल्याशिवाय मी त्या सांध्यात बोटही घालत नसे. मशीन जरा वळलं तर खालच्या माणसाचा चुराडा. बायकोपेक्षा तुझ्या त्या हातांवर माझा जास्त भरवसा होता. मंगलला हे सांगू नकोस.

या वेळी वर क्रशरचा ड्रायव्हर होता, मोबाईलमध्ये डोकं घालून. ओरडून इंजिन बंद करायला लावलं आणि हात लावले. दोन्ही सिलिंडर सारखेच वाटले. म्हणून मी पंपाच्या माथी खापर फोडलं. मालकाने नवा पंप आणला, मी बसवला, आणि स्टीअरिंग होतं तसंच. मालक तोंडाला येईल ते बोलला.

दुपारी मंगल डबा घेऊन आली. मी पुन्हा स्टीअरिंग दाबून धरायला लावून, इंजिन बंद झाल्यावर डाव्या सिलिंडरवर तळवा टेकून विचार करत बसलो होतो. तिने सहज बोट लावलं आणि किंचाळलीच, “अगं बाई! अहो, हात काढा आधी, लय पोळतंय!” पाहिलं तर तळव्याला फोड आलेला, आणि मला पत्ताच नाही.

डॉक्टर म्हणाले, शुगरने नसा गेल्या, आता जाणीव परत येणं कठीण. संत्या, पान्हा धरता येतो रे, पण गरम-गार कळत नाही. ज्या हाताच्या जिवावर गाळा चालला, तोच फितूर झाला. फार वाईट वाटतं.

मंगलने उजव्यालाही बोट लावून पाहिलं होतं, तो कोमटच होता; म्हणून डाव्याचं सील बदलून लोडर धाडला. मंगल म्हणते, गाळा बंद करा. ते माझ्याने होणार नाही, आणि एकट्याने चालवणंही नाही. तेव्हा म्हणायचं राहिलं होतं, ते आज म्हणतो. परत ये. आता तू खाली हात लाव, वर मी बसतो. इंजिन बंद करून दोन्ही हात वर धरीन आणि तू ‘झालं’ म्हणेपर्यंत खाली घेणार नाही.

वाट पाहणारा,
तुझाच
सोमनाथ